गोठणमाळाचं काट्यांचं कुंपण

लुंबिनी सोनकांबळेला राग येतो, हे काळदऱ्यात कुणाला नवं नव्हतं. रेशनच्या दुकानात माप मारलं की ती तिथंच बोलायची. ग्रामसभेत कागद न वाचता सह्या घ्यायला लागले की ती उभी राहायची आणि आधी वाचा म्हणायची. तिचा नवरा धम्मदीप लातूरला एका डाळमिलमध्ये कामाला होता. आठवड्याच्या सुट्टीला तो एसटीतून उतरला की पारावरची माणसं त्याला गाठायची आणि बायकोनं या खेपेला कुणाकुणाला सुनावलं ते सांगायची. धम्मदीप सगळं ऐकून घ्यायचा आणि एवढंच विचारायचा, ती बोलली त्यात खोटं काय होतं? पण दोन वर्षांमागं, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिला जो राग आला तो आजवरच्या रागांपेक्षा निराळा होता. तो एका दिवसात उतरला नाही.

काळदरा कंधारपासून तासाभराच्या अंतरावर, धरणाच्या पाण्याकाठी आहे. धरण झालं तेव्हा खालचं जुनं गाव बुडालं आणि माणसं वर डोंगराच्या अंगाला येऊन राहिली. इथला काठ मऊ गाळाचा नाही. बालाघाटाच्या काळ्या खडकात पाणी घुसलेलं आहे, त्यामुळं कुठं सरळ तुटलेला कडा, कुठं कपारी, कुठं पाण्यात लांबवर गेलेली दगडाची जीभ. वारा सुटला की लाटा त्या दगडांवर आपटतात आणि नवख्या माणसाला समुद्र पाहिल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की बुडालेले खडक एकेक करून वर येतात. जुन्या गावची गुरं दुपारी जिथं बसायची त्या माळाचा माथाही वर येतो. त्याला लोक अजून गोठणमाळच म्हणतात.

मार्चात गोठणमाळाचं बेट असतं, आणि त्या बेटावर पांढरी पाणपाखरं उतरतात. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, कात्रीसारखं दुभंगलेलं शेपूट. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात हे लुंबिनीला फार उशिरा कळलं. ही पाखरं काडी-काडी जमवून घरटं बांधत नाहीत. उघड्या खडकावरच्या वाळूत एवढीशी खळगी करतात आणि तिच्यात दोन-तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी घालतात. दोन पावलांवर उभं राहिलं तरी ती अंडी आहेत की खडे हे कळत नाही. वैशाखात त्या दगडावर अनवाणी पाऊल टेकवत नाही. पाखरू पाण्यात जाऊन पोट भिजवून येतं आणि त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसून राहतं, त्यांना गार ठेवायला. ते अर्धा तास जरी उठलं तरी आतला जीव शिजून जातो.

हे सगळं लुंबिनीला तिच्या बापानं सांगितलं होतं. ग्यानोबा धरणावर रोजंदारीचा चौकीदार होता. बावीस वर्षं त्यानं त्या काठाची राखण केली आणि कायम न होताच घरी बसला. एका उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं आणि बेट आणि काठ यांच्यामधे खडकाची एक अरुंद वाट उघडी पडली. तिला गावात मान म्हणतात. त्या मानेवरून गावची कुत्री माळावर गेली आणि एका सकाळीत सगळी अंडी, सगळी पिल्लं संपवली. ग्यानोबा दोन दिवस जेवला नाही, असं लुंबिनीची आई सांगायची. पुढच्या वर्षापासून मान उघडी पडायच्या आत तो वेड्या बाभळीच्या आणि बोराटीच्या फांद्या तोडून आणायचा आणि बेळक्याच्या, टोकाला दुभंगलेल्या काठीनं ढकलत मानेवर या काठापासून त्या काठापर्यंत आडव्या रचायचा. छातीएवढं उंच कुंपण. कुत्रं सोडा, कोल्हाही त्यातून जात नसे. लुंबिनी दहा वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर जायची. बाप गेल्यावर हे काम तिनं आपल्याकडं घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. पुढं तिची मुलगी प्रियदर्शनी तिच्याबरोबर जायला लागली. हातापायाला काटे लागून घेत दोघी दिवसभरात काम उरकायच्या.

मग व्यंकटशेठ आले. लातूरचे व्यापारी, बोलायला गोड. त्यांनी काठावरची पडीक जमीन घेतली आणि कड्याच्या कडेला सहा कॉटेजं बांधली. लाल कौलं, पुढं लाकडी ओटा, ओट्यावर वेताच्या खुर्च्या. नाव ठेवलं 'सागरछाया'. हमरस्त्यावर मोठा फलक लागला : मराठवाड्याचा खडकाळ समुद्रकिनारा, पक्षीनिरीक्षण, गावरान जेवण. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर, पण लोकांना हे आवडलं. लातूर-नांदेडहून, उदगीरहून, अगदी हैदराबादहून गाड्या यायला लागल्या. गावातल्या सात-आठ जणांना काम मिळालं. लुंबिनीलाही मिळालं, खोल्या झाडण्याचं आणि संडास-बाथरूम धुण्याचं.

तिनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराचं काम मागितलं होतं. ज्वारीची भाकरी थापण्यात तिचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं. व्यंकटशेठ हसले आणि म्हणाले, "तसं माझं काही नसतं हो. पण गेस्ट विचारतात, स्वयंपाकाला कोण हाय म्हणून." कोण म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. स्वयंपाकाला देगलूरकडची गुरम्मा होती, पन्नाशीची, अर्धी कानडी अर्धी मराठी बोलणारी. ती लुंबिनीला चहा द्यायची, पण लुंबिनीचा पेला वेगळा होता आणि तो खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर असायचा. लुंबिनीनं तो चहा एकच दिवस घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती घरून पाण्याची बाटली आणायला लागली. तिनं काम सोडलं नाही, कारण प्रियदर्शनीचं शिक्षण चालू होतं आणि घरापासून पायी जाता येईल असं दुसरं काम नव्हतं. पण तो पेला रोज तिच्या नजरेला पडायचा.

पाहुण्यांना पाखरं दाखवायला व्यंकटशेठनी सत्यम नावाचा लातूरचा तरुण ठेवला होता. चांगला मोठा कॅमेरा, खिशाखिशांचं जाकीट. फोटो तो छान काढायचा, पण या काठाची त्याला काही माहिती नव्हती. महिनाभरात त्याच्या लक्षात आलं की खोल्या झाडणाऱ्या बाईला सगळं माहीत आहे. हिवाळ्यात डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस कुठल्या खाडीत रात्र काढतात, शेकाट्या कुठल्या चिखलात चरतात, खंड्याचं बीळ कुठल्या दरडीत आहे. तो विचारायचा, लुंबिनीताई सांगायची. तिला सांगायला आवडायचं. एकदा स्वागतकक्षात मोठा रंगीत तक्ता लागला, त्यात तिनं सांगितलेलं सगळं छापलं होतं. खाली लिहिलं होतं, माहिती आणि छायाचित्रं : सत्यम. लुंबिनीनं तो तक्ता पुसायच्या फडक्यानं पुसला, पुसता पुसता तीनदा वाचला, आणि घरी आल्यावर प्रियदर्शनीला म्हणाली, "कुठं चुकीचं न्हाई छापलेलं. बरोबर लिहिलंय सगळं." एवढंच. त्या रात्री मुलीला कळलं की आई जेवलेली नाही.

राग आला त्या वर्षी, एप्रिलात, दोघींनी नेहमीसारखं मानेवर कुंपण रचलं. व्यंकटशेठनी ते पाहिलं आणि विचारलंही. लुंबिनीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. दुर्बिणीतून कड्यावरून पाहा, मोटारबोट माळाच्या जवळ नेऊ नका, दोन महिने कळ काढा, मग पिल्लं उडतात. व्यंकटशेठ हो-हो म्हणाले. त्यांची मान हलताना पाहून लुंबिनीला वाटलं, माणसाला पटलंय.

बुद्धपौर्णिमेला तिनं रजा घेतली. धम्मदीप लातूरहून आला होता. विहारात वंदना झाली, खिरीचं पातेलं तिच्याकडं होतं, दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली तेव्हा तिला आधी आवाज ऐकू आला. पाखरं ओरडत होती. एखादी घार आली की ओरडतात आणि ती गेली की गप्प होतात, तसं नव्हतं. हा आवाज थांबतच नव्हता. तिनं झाडू ओट्यावर टाकला आणि खडकाच्या सोंडेवर चढली.

मानेवर काटे नव्हते. ट्रॅक्टर लावून सगळं कुंपण ओढून बाजूच्या ओघळीत लोटलेलं होतं. काट्यांच्या जागी फक्कीच्या दोन पांढऱ्या सरळ रेघा मारल्या होत्या, क्रिकेटच्या मैदानात मारतात तशा, पाहुण्यांनी वाट चुकू नये म्हणून. आणि माळावर चौदा माणसं होती. चार मोठ्या छत्र्या, दोन टेबलं, पोह्यांचं पातेलं, चहाचा थर्मास, कुठल्यातरी डब्यातून गाणं चाललेलं. वर आभाळात शंभरएक पाखरं गरगर फिरत होती आणि एकही खाली टेकत नव्हतं. सकाळचे दहा वाजत आले होते, दगड तापायला लागला होता.

लुंबिनी जवळ गेली. एक गृहस्थ गुडघ्यांवर बसून फोटो काढत होते. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. त्यांनी वेगवेगळ्या खळग्यांतली अकरा अंडी उचलून आणून एका सपाट दगडावर बदामाच्या आकारात मांडली होती, आणि मधे त्यांच्या बायकोचा मेंदी काढलेला हात ठेवला होता. सत्यम शेजारी उभा राहून त्यांना उजेड कुठून घ्यावा ते सांगत होता. पलीकडं कॉटेजवरची दोन कुत्री टेबलाखाली पोहे चाटत होती. तिसरं कुत्रं कडेला बसलं होतं, त्याच्या तोंडात एक पिल्लू होतं, त्याचा एक पंख बाहेर लोंबत होता.

लुंबिनीनं आधी ते कुत्रं हाकललं. मग परत आली आणि म्हणाली, "उठा."

गृहस्थांनी मान वर केली. ते म्हणाले, मावशी, आम्ही काही हात लावलेला नाही, नुसती मांडलीत.

"हात न लावता मांडली कशी?"

कुणीतरी हसलं. लुंबिनी सत्यमकडं वळली. "सत्यम, ह्यातलं कोणतं अंडं कोणत्या खळगीतलं हाय, सांग बरं. सगळं मी तुला सांगत आले. आज तू मला सांग."

सत्यम कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत राहिला.

तिनं छत्र्या मिटायला सुरुवात केली. एक मिटली, दुसरी मिटली. पाहुण्यांपैकी एक बाई उठली आणि आपल्या मुलीला घेऊन मानेकडं चालू लागली. बाकीचे कुरकुरत उभे राहिले. कुणीतरी फोन केला होता, दहा मिनिटांत व्यंकटशेठ आले, घामानं डबडबलेले. त्यांनी आधी पाहुण्यांची माफी मागितली. मग लुंबिनीला बाजूला बोलावून म्हणाले की तिचं काम खोल्यांचं आहे, गेस्टसमोर तिनं आवाज करायचा नाही.

"काटे कुणी काढले, शेठ?"

"मी काढले. माझ्या हद्दीसमोरचे हायेत."

"समोरचे हायेत, हद्दीतले न्हाईत. माळ धरणाचा हाय. माझ्या बापानं बावीस वर्षं राखला, त्याच्या बी नावावर नव्हता. मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुम्ही हाव म्हणला होता."

व्यंकटशेठच्या आवाजातला गोडवा तिथं संपला. संडास धुणारी बाई मला धंदा शिकवणार का, असं ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. उद्यापासून येऊ नको, असंही म्हणाले.

लुंबिनीचा चेहरा आक्रसला. पण आवाज चढला नाही. "कामावर न्हाई येत," ती म्हणाली. "पण उद्या येते. काटे घेऊन येते."

माणसं गेल्यावर तिनं ती अकरा अंडी परत ठेवायचा प्रयत्न केला. तीन खळग्यांचा तिला अंदाज आला. बाकीची अंडी कुठली, हे आता पाखरांनाही कळणार नव्हतं. हाताला ती चहाच्या पेल्यासारखी गरम लागत होती. आपण इथं आहोत तोवर पाखरं उतरणार नाहीत, हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं ती तशीच ठेवली आणि मानेवर आली. ओघळीतल्या फांद्या नुसत्या हातांनी ओढून तिनं निम्मी मान आडवी केली. घरी आली तेव्हा दोन्ही तळवे रक्तानं भरले होते. धम्मदीपची दुपारची गाडी होती. त्यानं पिशवी खाली ठेवली, मिलमध्ये फोन करून दोन दिवस येत नाही म्हणून सांगितलं, आणि सुईनं एकेक काटा काढत बसला.

दुसऱ्या दिवशी तिघांनी कुंपण पुरं केलं. वस्तीतल्या चार बायकाही आल्या. त्यानंतर रोज कुणीतरी एकजण मानेवर पहाऱ्याला बसायचा, आणि लुंबिनी अर्ज घेऊन कचेऱ्या हिंडायला लागली. अर्ज प्रियदर्शनीनं लिहिला होता, स्वच्छ अक्षरात, दोन पानी. पहिल्या कचेरीत सांगितलं, पाखरं आमच्याकडं येतात पण जमीन आमची नाही, तिकडं जा. तिकडं सांगितलं, जमीन आणि पाणी आमचं, पाखरांचं आम्ही काय करणार. तिसऱ्या ठिकाणी साहेब मीटिंगला गेले होते. चौथ्या ठिकाणच्या साहेबांनी अर्ज निदान वाचला. मग ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले, बाई, कामावरून काढलं म्हणून तक्रार करताय का?

हा प्रश्न त्या आठवड्यात तिला विचारणारे ते तिसरे होते. पहिल्यांदा तिनं समजावून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "साहेब, काम मला दुसरं मिळंल. पिल्लाला दुसरा जीव मिळत न्हाई. तुम्ही माझं काम बाजूला ठिवा आन अर्ज वाचा." साहेबांनी पुरावा मागितला. अंडी हलवली, कशावरून? फोटो आहे का?

लुंबिनीकडं साधा फोन होता. ती परतीच्या एसटीत बसली. संताप असा की डोळ्यांत पाणी यायचं आणि ते येतंय याचाच पुन्हा संताप. घरी येऊन तिनं फोटोचं सांगितलं तेव्हा प्रियदर्शनी उठली. आपला मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली, सागरछायाचं नाव टाकून शोधत राहिली आणि पाव तासानं तो आईपुढं धरला. त्या गृहस्थांनी स्वतःच फोटो टाकला होता. अकरा अंड्यांचा बदाम, मधे मेंदीचा हात, खाली लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, जागेचं नाव, तारीख, आणि दोन हजारांवर लोकांनी पसंतीचा अंगठा दिलेला. मागं छत्रीखाली सत्यम आणि टेबल स्पष्ट दिसत होतं.

"दोन हजार माणसांनी बघितलं," लुंबिनी म्हणाली. "एकाला बी विचारावं वाटलं न्हाई, ही अंडी कुठून आणली म्हणून?" प्रियदर्शनी म्हणाली, एकीनं विचारलंय खाली, पण तिला कुणी उत्तर दिलेलं नाही.

फोटोच्या रंगीत प्रती काढून दोघी पुन्हा चौथ्या साहेबांकडं गेल्या. या वेळी साहेब मागं रेलले नाहीत. या पाखरांची अंडी नुसती उचलणंही कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांनी स्वतःच मोठ्यानं म्हटलं आणि बेल वाजवली.

पंचनाम्याला माणसं आली ती आणखी पाच दिवसांनी. तोवर मे संपत आला होता. माळावर बासष्ट खळग्या मोजल्या गेल्या आणि जिवंत पिल्लं चार निघाली. व्यंकटशेठनी सांगितलं की काटे कुणी काढले ते त्यांना माहीत नाही, पाहुणे आपल्या मनानं गेले असतील. सत्यम रजेवर गेला होता. अधिकाऱ्यानं कामावरच्या माणसांना एकेक करून बोलावलं. माळी म्हणाला, मी नव्हतो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, आठवत नाही. लुंबिनी खडकाला टेकून उभी होती, आणि हे ऐकताना तिच्या मनात आलं की एका माणसाच्या पगाराला ही सगळी माणसं इतकी कशी भितात. लगेच तिला हेही आठवलं की तीन वर्षं तीही त्याच पगाराला धरून गप्प राहिली होती.

मग गुरम्मा पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पदर खोचून ती अधिकाऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की पौर्णिमेच्या दिवशी दुपारी शेठनी तिच्यासमोर ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, आज ती बाई रजेवर आहे, आजच काढून टाक. दुसऱ्या दिवशीचे पोहे तिनं स्वतः डोक्यावर पातेलं घेऊन माळावर नेले. पाखरं डोक्यावर झडप घालत होती, तिनं ते पाहिलं आणि पातेलं ठेवून परत आली. हे सगळं लिहून घ्या आणि अंगठा कुठं करायचा ते सांगा.

तिचं काम त्याच संध्याकाळी गेलं.

निघताना ती बोचकं घेऊन लुंबिनीच्या दारात आली. दोघी ओट्यावर बसल्या. लुंबिनीनं पाणी दिलं, ते ती प्याली. मग लुंबिनी म्हणाली, "अक्का, एक विचारते. खिडकीतला पेला शेठनं सांगितला होता का तुम्हीच ठेवला होता?"

गुरम्मानं खाली पाहिलं. "शेठनं सैपाकघरात येऊ देऊ नको म्हणलं होतं. पेल्याचं काही म्हणला नव्हता. पेला मीच ठेवला."

लुंबिनीला वाटलं होतं की हे ऐकून आपण तिला उठवून लावू. तसं झालं नाही, आणि तिनं माफही केलं नाही. तिनं आत जाऊन चहा टाकला. तेवढा पिऊन गुरम्मा लोह्याच्या गाडीला निघून गेली. तिथं तिला एका खानावळीत काम मिळालं असं नंतर कळलं.

सागरछायावर कारवाई झाली ती बेताचीच. माळावर जायला बंदी घालणारा सरकारी फलक लागला, टेबलं उठली, आणि व्यंकटशेठनी अधिकाऱ्यांकडं लेखी माफी दिली. लुंबिनीकडं त्यांनी ना लेखी दिली ना तोंडी. सत्यम मात्र एक दिवस तिच्या घरी आला. काटे काढणार आहेत हे मला आदल्या दिवशी माहीत होतं, असं त्यानं सांगितलं आणि रडला. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो, म्हणाला. लुंबिनीनं त्याला पाणीही विचारलं नाही. तो उठल्यावर एवढंच म्हणाली, "मला सांगायला आलास. त्या दिवशी त्या अंडी मांडणाऱ्याला सांगायचं होतं."

पुढच्या मार्चात गोठणमाळ वर आला, पण पाखरं आली नाहीत. दोन-चार जोड्या वर फिरल्या आणि निघून गेल्या. एप्रिल उजाडला तरी माळ रिकामा. फलकावर पक्षीनिरीक्षण लिहिलेलं होतं, कॉटेजं भरलेली होती, आणि पाहुण्यांना दाखवायला टिटव्या आणि बगळे उरले होते. सत्यमनं नोकरी सोडली होती. त्याच्या जागी आलेल्या माणसानं बोटीतून सगळा काठ पालथा घातला, त्याला काही सापडलं नाही.

तेव्हा व्यंकटशेठ स्वतः वस्तीत आले. लुंबिनी रोजगार हमीच्या रस्त्यावरून नुकतीच घरी येऊन पाय धूत होती. धम्मदीपही घरी होता, त्यानं खाट टाकली. व्यंकटशेठ पूर्वीसारखे गोड बोलले. झालं गेलं विसरून जा म्हणाले. तिला गाईड म्हणून घ्यायची तयारी होती, जाकीट मिळेल, तक्त्यावर तिचं नाव मोठ्या अक्षरात छापता येईल. फक्त पाखरं कुठं गेली ते तिनं सांगायचं.

पाखरं कुठं गेली हे लुंबिनीला माहीत होतं. सोळा दिवस रोज पहाटे काठ तुडवून तिनं आणि प्रियदर्शनीनं ती शोधली होती. वरच्या अंगाला, जिथं बोट जाऊ शकत नाही अशा उथळ पाण्यातल्या दोन खडकांवर चाळीसेक जोड्या बसल्या होत्या. गावातही तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

"शेठ," ती म्हणाली, "मी गाईड झाले तर सैपाकघरात येऊ का?"

व्यंकटशेठ गोंधळले. गाईडचं स्वयंपाकघरात काय काम, असं ते म्हणाले.

"पाणी प्यायला."

त्यांनी धम्मदीपकडं पाहिलं. धम्मदीपनं दुसरीकडं पाहिलं. शेवटी ते म्हणाले, बघू, त्याचं काहीतरी करू.

"तुम्ही तेवढं बघा," लुंबिनी म्हणाली. "पाखरांचं मला काही म्हाईत न्हाई."

ते गाडीत बसून गेल्यावर प्रियदर्शनी दारामागून बाहेर आली. ती म्हणाली, आई, तुला खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. लुंबिनीनं पाय पुसले आणि चूल पेटवायला आत गेली.

प्रियदर्शनी आता नांदेडला प्राणिशास्त्र शिकते. या वर्षी परीक्षा आटोपून ती वेळेवर आली. पाखरं यंदाही वरच्या खडकांवरच उतरली होती, आणि तिकडं जाणारी खडकाची मान अजून पाण्याखाली होती, तरी दोघी बेळक्याच्या काठ्या घेऊन गेल्या आणि काट्याच्या फांद्या काठावर आणून ठेवल्या. बोराटीच्या फांद्या कमी पडत होत्या, म्हणून त्या दुसऱ्या दिवशीही गेल्या.